सूर मुक्त, मुद्रिका बंदिस्त

क्लोद दब्युसी हा फ्रेंच संगीतकार २५ मार्च १९१८ रोजी पॅरिसमध्ये निवर्तला, तेव्हा त्या नगरीवर जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या तोफांचा मारा चालू होता. त्या गोष्टीला शतक उलटून गेले आहे. ज्या प्रकाशकाशी त्याने करार केले, ज्या सावकारांच्या तगाद्याने त्याचे आयुष्य कडू झाले, ज्या समीक्षकांनी त्याच्या रचनांना नाके मुरडली, ते सर्व काळाच्या पडद्याआड गेले. त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या स्वरलेखनावरचा मालकी हक्कही जगातील बहुतेक देशांत संपुष्टात आला आहे. ते स्वरलेखन आज कोणीही छापावे, कोणीही वाजवावे. परंतु एखाद्या शिक्षकाला वर्गपाठाबरोबर, किंवा एखाद्या होतकरू तरुणाला आपल्या लघुपटात, त्याच्या ‘क्लेर द ल्यून’ या रचनेचे पाच मिनिटांचे वादन वापरावयाचे असेल, तर परवान्यांच्या, शुल्कांच्या आणि शंकाकुशंकांच्या जंजाळात त्याला शिरावे लागते. रचना सर्वांची झाली, पण तिचा आवाज मात्र कोणाच्या तरी कुलपात राहिला, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

ही अवस्था का निर्माण होते ते समजण्यास फार कायदेपांडित्य लागत नाही. तुकोबांचा अभंग कोणाच्याही मालकीचा नाही. परंतु तो एखाद्या गायकाने गायिला आणि त्याची ध्वनिमुद्रिका निघाली, की त्या मुद्रिकेवर नवा हक्क उत्पन्न होतो. गायकाचा हक्क वेगळा आणि मुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा वेगळा. दब्युसीच्या पियानोरचनांचेही तसेच आहे. पियानोवादकाने कितीही जुनी रचना वाजविली तरी त्याचे वादन नवे असते आणि कायदा त्या नवेपणाला संरक्षण देतो. तेव्हा प्रश्न मूळ संरक्षणाचा नाही. ते किती काळ असावे, कोणाच्या पदरात पडावे, आणि ज्या वादनांचा खर्च समाजाने आधीच उचलला आहे, तीही कुलूपबंदच राहावीत काय, हा खरा प्रश्न आहे.

हक्काचा उगम

ज्या देशात दब्युसी जन्मला त्याच देशात संगीताच्या हक्काचा लढाही सुरू झाला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १८४७ साली पॅरिसमधील एका प्रख्यात उपाहारगृहात एर्नेस्त बूर्जे हा गीतकार बसला असता तेथील वादकांनी त्याचेच गीत सुरू केले. बूर्जेने पेयाचे पैसे देण्याचे नाकारले. माझ्या गीताचे मोल तुम्ही देत नसाल, तर तुमच्या साखरपाण्याचे मोल मी का द्यावे, असा त्याचा साधा सवाल होता. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि १८५१ मध्ये गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांची ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली. अशी परंपरा असलेल्या हक्काला कोणी लुटारूंचा हक्क म्हणू शकणार नाही. त्यामागे श्रमाचे मोल मिळावे ही न्याय्य भावना होती. मात्र हयात कलावंताच्या साखरपाण्यापासून सुरू झालेला हा हक्क पुढे कोणकोणत्या तिजोऱ्यांत जाऊन बसला, याचाही विचार व्हावयास हवा.

दब्युसीच्याच पिढीतून थोडा पुढे आलेला मोरिस राव्हेल याचे उदाहरण बोलके आहे. राव्हेल २८ डिसेंबर १९३७ रोजी वारला. मृत्यूनंतर सत्तर वर्षे या हिशेबाने युरोपातील इतर बहुतेक देशांत त्याच्या रचना २००८ च्या आरंभी मुक्त झाल्या. परंतु फ्रान्समध्ये दोन महायुद्धांमुळे बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून संगीतरचनांना वाढीव मुदत दिलेली आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी ८ वर्षे १२० दिवस मिळाले, म्हणून १९२८ मधील ‘बोलेरो’ फ्रान्समध्ये १ मे २०१६ रोजी मुक्त झाला. १९२० अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या रचनांना पहिल्या युद्धाचीही जोड मिळाली. एकूण वाढ झाली १४ वर्षे २७२ दिवसांची. याचा अर्थ असा की, ‘बोलेरो’पूर्वी वीस वर्षे लिहिलेली ‘गास्पार द ला न्वी’ ही पियानोरचना फ्रेंच हिशेबाने ‘बोलेरो’नंतर सहा वर्षांनी, म्हणजे २०२२ च्या सप्टेंबरअखेरीस मोकळी झाली. राव्हेलला अपत्य नव्हते. ज्यांनी या मुदतीचे फळ चाखले त्यांचा त्या रचनांच्या निर्मितीशी सुतरामही संबंध नव्हता. एवढ्यावरही समाधान न मानता ‘बोलेरो’ला आणखी एक सहनिर्माता असल्याचा दावा वारसांकडून करण्यात आला. नांतेर येथील न्यायालयाने २०२४ साली तो फेटाळला, हे योग्यच झाले.

एका मुद्रिकेची तीन राज्ये

रचनेची ही कथा, तर मुद्रिकेची त्याहून गुंतागुंतीची. फ्रान्समधील लिआँ येथे जर्मन कुटुंबात जन्मलेला वाल्टर गीझकिंग हा दब्युसीचा एक श्रेष्ठ भाष्यकार मानला जातो. १९५६ साली त्याचा मृत्यू झाला. तत्पूर्वीच्या काही वर्षांत त्याने दब्युसीचे बहुतेक सर्व एकल पियानोसंगीत लंडनमध्ये मुद्रित केले. त्यांतील एखादी मुद्रिका १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली असे धरू. तत्कालीन युरोपीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांनी, २००४ च्या अखेरीस, तिच्यावरील हक्क संपला. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, तोही संपला. परंतु अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने १९४७ ते १९५६ या काळातील मुद्रिकांना एकशेदहा वर्षांचे संरक्षण दिले असल्याने तीच मुद्रिका तेथे २०६४ च्या अखेरपर्यंत बंदिस्त राहील. वादक एक, पियानो एक, सूरही तेच. पण पॅरिसमध्ये जे निर्वेध ते न्यूयॉर्कमध्ये निषिद्ध. इंटरनेटला देशांच्या सीमा ठाऊक नाहीत. म्हणून व्यवहारात जगभर सर्वांत कडक कायद्याचाच धाक चालतो.

हा धाक काल्पनिक नाही. मेनुहिन, कासाल्स आणि एडविन फिशर यांची १९३० च्या दशकातील वादने ब्रिटनमध्ये हक्कमुक्त झाल्यावर नॅक्सॉस कंपनीने ती स्वच्छ करून पुन्हा प्रसिद्ध केली. कॅपिटॉल कंपनीने अमेरिकेत दावा लावला, आणि मूळ देशात मुदत संपली असली तरी न्यूयॉर्क राज्यातील परंपरागत कायद्याने हक्क शाबूत आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने २००५ साली दिला. त्यानंतरच्या २०१८ च्या कायद्याने निदान मुदतींची निश्चिती केली. त्यामुळे १९२३ पूर्वीच्या सर्व मुद्रिका १ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत मुक्त झाल्या. त्यांत १९०४ साली मेरी गार्डन या गायिकेच्या गायनाला स्वतः दब्युसीने केलेल्या पियानोसाथीच्या मुद्रिकाही आल्या. सुमारे एकशेअठरा वर्षे त्या थांबून होत्या.

युरोपनेही आपले औदार्य पुढे आवरते घेतले. २०११ च्या निर्देशाने मुद्रिकांची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेण्यात आली. वृद्ध वादकांना उतारवयात आधार मिळावा, हे त्याचे समर्थन होते. परिणाम असा झाला की १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेली मुद्रिका २०१३ च्या आरंभी मोकळी झाली, तर १९६३ मधील मुद्रिका २०३४ उजाडेपर्यंत मोकळी व्हावयाची नाही. एका वर्षाच्या अंतराला एकवीस वर्षांची शिक्षा! मधल्या दोन दशकांत जुन्या मुद्रिकांचा सार्वजनिक साठा जवळजवळ गोठून राहिला आहे.

या सगळ्यात मासलेवाईक प्रकार आहे तो पियानोच्या कागदी गुंडाळ्यांचा. १९१० नंतरच्या वर्षांत दब्युसीने वेल्टे-मिन्योन या यंत्रासाठी आपल्या काही रचना स्वतः वाजविल्या. ‘चिल्ड्रेन्स कॉर्नर’ आणि काही ‘प्रेल्यूद’ यांचा त्यांत समावेश आहे. या यंत्रात आवाज साठवला जात नसे. वादकाच्या बोटांच्या हालचाली कागदावरील छिद्रांत उतरत आणि ती गुंडाळी पियानोला जोडली की वाद्य आपोआप वाजू लागे. ती गुंडाळी आज कोणाच्याही मालकीची नाही. परंतु ती चालविण्याजोगे दुर्मिळ यंत्र ज्याच्यापाशी आहे त्याने वाजवून जे नवे मुद्रण केले, त्यावर मात्र नवा हक्क लागू होतो. रचना दब्युसीची, बोटे दब्युसीची, आणि मुद्रिका मात्र तिसऱ्याचीच. कायद्याच्या अक्षराप्रमाणे हे चूक नाही. पण सामान्य रसिकाच्या विवेकाला ते पटावे तरी कसे?

यंत्राची साक्ष

मुदत संपलेली असो वा वादकाने स्वखुशीने हक्क सोडलेला असो, मुक्त मुद्रिका वापरणाऱ्याची वाट तरीही निर्धोक नाही. मोठ्या संकेतस्थळांवर चढविलेला प्रत्येक आवाज यंत्र तपासते आणि नोंदणीतल्या मुद्रिकांशी ताडून पाहते. पियानोच्या एकल वादनात ही ताडणी विशेष फसवी ठरते. एकच रचना, एकच वाद्य, साधारण सारखीच लय, मग दोन भिन्न वादकांच्या वादनांत यंत्राने भेद करावा कसा? २०१८ साली जेम्स ऱ्होड्स या ब्रिटिश पियानोवादकाने स्वतःच्या घरी वाजविलेली बाखची रचना समाजमाध्यमावर टाकली. त्यातील सत्तेचाळीस सेकंदांवर एका बड्या मुद्रिका-कंपनीच्या नावाने हक्काचा दावा दाखल झाला आणि तो आवाज बंद करण्यात आला. बाख १७५० साली निवर्तला होता आणि वाजविणारी बोटे ऱ्होड्सची होती. गाजावाजा झाल्यावर दावा मागे घेण्यात आला. ऱ्होड्स नामांकित होते म्हणून त्यांचे गाऱ्हाणे ऐकले गेले. एखाद्या अनाम शिक्षकाचे कोण ऐकणार?

येथे न्यायाचे एक मूलतत्त्वच उलटे झालेले दिसते. जो हक्क सांगतो त्याने तो सिद्ध करावा, ही सर्वमान्य रीत. परंतु यंत्राच्या या दरबारात निरपराधित्व सिद्ध करण्याचे ओझे वापरणाऱ्यावर पडते, आणि खोटा दावा करणाऱ्याला सहसा किंमत मोजावी लागत नाही. परिणामी भीतीपोटी लोक मुक्त मुद्रिकाही वापरीत नाहीत. कायद्याने जे सर्वांचे, ते व्यवहारात कोणाचेच राहत नाही.

मोफत आणि मुक्त

यावर कोणी म्हणेल की, आज दब्युसीच्या मुद्रिका ऐकावयास जवळजवळ फुकटच मिळतात. मग ही तक्रार कशासाठी? मोफत आणि मुक्त या दोन शब्दांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. वाचनालयातील पुस्तक फुकट वाचता येते, म्हणून ते छापता येत नाही. मुद्रिका ऐकता येते, पण ती पाठ्यक्रमात जोडता येत नाही, चित्रपटात घालता येत नाही, तिचे तुकडे पाडून विद्यार्थ्यांना समजावून सांगता येत नाही. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने जे परवाने रूढ केले, त्यांतही तारतम्य आहे. काही परवाने केवळ श्रेयनिर्देशाची अट घालतात, तर काही व्यापारी वापराला व फेरफाराला मनाई करतात. अनेक तथाकथित मुक्त मुद्रिका या दुसऱ्या वर्गात मोडतात. ज्या लघुपटाचे तिकीट लावायचे आहे, त्याला त्यांचा उपयोग नाही.

शिवाय गुणवत्तेचा प्रश्न उरतोच. जे सहज मिळते त्यात संगणकाने स्वरलेखनावरून उमटविलेले निर्जीव नाद पुष्कळ असतात. दब्युसीच्या संगीतात तर सुरांइतकेच महत्त्व सुरांच्या विरण्याला आहे. पियानोच्या पायपट्ट्या किती दाबल्या, एक सूर दुसऱ्यात कसा मिसळू दिला, यावरच त्याचे सारे सौंदर्य अवलंबून असते. ते ज्याने कधी ऐकले नाही अशा विद्यार्थ्याच्या कानी प्रथम यांत्रिक आवाजच पडला, तर दब्युसी म्हणजे असाच कोरडा, अशी त्याची समजूत व्हावयाची. फुकट ते हलके, हा ग्रह अशानेच दृढ होतो.

कलावंताच्या पोटाचा प्रश्न

याचा अर्थ वादकांनी आपली कला वाऱ्यावर सोडावी, असा मुळीच नाही. पियानोवादकाच्या पाच मिनिटांमागे वीस वर्षांचा रियाझ असतो. त्यातच आजच्या ऐकण्याच्या व्यवस्थेत त्याच्या हाती पडणारा मोबदला नगण्य आहे. जे मुक्तीचा जयघोष करतात त्यांनी कलावंताच्या चुलीकडे पाठ फिरवू नये. मुद्रिका मुक्त करावयाची तर तिचे मोल आधी चुकते केले पाहिजे. हे अशक्य नाही. किमिको इशिझाका या पियानोवादक महिलेने बाखच्या ‘गोल्डबर्ग’ रचनांचे मुद्रण लोकवर्गणीतून केले आणि २०१२ साली सर्व हक्क सोडून ते जगाला दिले. ज्यांनी पैसे दिले ते आणि ज्यांनी दिले नाहीत ते, दोघेही आज त्याचे सारखेच धनी आहेत. बॉस्टन येथील इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर संग्रहालयाने २००६ पासून आपल्या मैफलींची मुद्रणे मर्यादित का होईना, पण खुल्या परवान्याखाली वाटण्यास आरंभ केला.

सार्वजनिक धन जेथे खर्च होते तेथे तर हा न्याय अधिकच लागू पडतो. अमेरिकेच्या संघराज्य शासनाच्या सेवेतील लष्करी वाद्यवृंदांची वादने त्या देशात हक्कमुक्त असतात. पगार जनतेचा, म्हणून फळही जनतेचे, हे तत्त्व त्यामागे आहे. फ्रान्समध्ये सरकारी नभोवाणी आहे, जनतेच्या पैशावर चालणाऱ्या नामवंत संगीतशाळा आहेत. दब्युसीचे समग्र एकल पियानोसंगीत फार तर पाच तासांचे आहे. त्याला वाद्यवृंद लागत नाही, गायकांचा ताफा लागत नाही. एक वादक, एक उत्तम पियानो, एक शांत दालन आणि एक जाणता ध्वनिमुद्रक एवढे पुरे. वादकाला भरघोस मानधन देऊन हे पाच तास एकदा मुद्रित करावेत आणि निःशर्त जगाच्या स्वाधीन करावेत, यासाठी लागणारी रक्कम कोणत्याही राष्ट्रीय सांस्कृतिक अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही इतकी अल्प असेल. उणीव पैशाची नाही, संकल्पाची आहे.

उलट दिशेने जाण्याचा मोह मात्र सरकारी संस्थांनाही आवरत नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१३ मध्ये आपल्या संग्रहातील जुन्या ग्रंथांच्या व ध्वनिमुद्रिकांच्या अंकीकरणासाठी खासगी कंपन्यांशी करार केले, तेव्हा सार्वजनिक ठेवा खासगी दुकानात मांडला जात असल्याची टीका झाली. अंकीकरणास पैसा लागतो हे खरे. पण वारसा गहाण ठेवून उभारलेल्या पैशाची फेड पुढच्या पिढ्यांना करावी लागते.

भारतापुरते बोलायचे तर

भारताला हा प्रश्न परका नाही. रवींद्रनाथांच्या साहित्याची पन्नास वर्षांची मुदत १९९१ च्या अखेरीस संपत होती. ती संपता संपता लेखकहक्काची मुदत साठ वर्षांवर नेण्यात आली आणि रवींद्रनाथ २००२ च्या आरंभी मुक्त झाले. ध्वनिमुद्रिकांची मुदतही त्याच ओघात पन्नासची साठ झाली. मात्र याच कायद्याच्या २१ व्या कलमात एक उदार दार आहे. हक्क सोडू इच्छिणाऱ्या निर्मात्याला तो विधिपूर्वक सोडता येतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर जाहीर सूचनेनेही हे करता येते. त्या दाराने कोणी जाताना क्वचितच दिसते. आकाशवाणीच्या संग्रहात अनेक पिढ्यांच्या कलावंतांचे गायनवादन आहे, आणि त्याचा खर्च जनतेने केव्हाच उचलला आहे. वारसांना योग्य मोबदला देऊन त्यातील निवडक भाग तरी मुक्त करण्याचा विचार का होऊ नये?

दब्युसी आणि भारत यांच्यामध्ये एक हृद्य दुवाही आहे. सयाजीरावांच्या बडोद्यात संगीतशाळा चालविणाऱ्या मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पॅरिसमध्ये होते आणि दब्युसीशी त्यांचा परिचय झाल्याचे चरित्रकार नोंदवितात. त्या भेटीतले सूर हवेत विरून गेले. परंतु त्यापूर्वी १९०९ साली कलकत्त्यात इनायत खाँनी ध्वनिमुद्रिकांसाठी केलेले गायन टिकून आहे आणि भारतीय कायद्याने ते आज कोणाचेही बंदिवान नाही. दब्युसीच्या ‘प्रेल्यूद’च्या दुसऱ्या पुस्तकात चंद्रप्रकाशातील दरबाराच्या गच्चीवर एक रचना आहे. तिचे शीर्षक १९११ च्या दिल्ली दरबारासंबंधी एका फ्रेंच वृत्तपत्रात आलेल्या वार्तापत्रातून त्याने उचलले, असे संगीताचे इतिहासकार सांगतात. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावाच्या वादकांचा गामेलान ऐकून तर त्याची सुरांची दृष्टीच पालटली.

त्या जावाच्या वादकांनी दब्युसीकडे परवाना मागितला नाही आणि वार्तापत्र लिहिणाऱ्याने शीर्षकाचे शुल्क आकारले नाही. ऐकलेले मनात मुरले, मुरलेले नव्या रूपाने उमटले, आणि त्यातून विसाव्या शतकाच्या संगीताला नवे वळण मिळाले. आज एखाद्या आडगावच्या विद्यार्थ्याला दब्युसी तितक्याच मोकळेपणी ऐकता यावा, उलगडता यावा, आपल्या कृतीत मिसळता यावा, एवढीच अपेक्षा आहे. वादकाला त्याचे मोल द्यावे, त्याचे नाव आदराने घ्यावे आणि ज्याची किंमत एकदा चुकती झाली आहे त्या मुद्रिकेचे कुलूप काढावे. हे करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या हाती सार्वजनिक धन आणि सार्वजनिक संग्रह आहेत, त्यांनी मनावर घेतले तरी पुरे.